लघुग्रह पहिल्या रात्री दिसतो, सापडतो दुसऱ्या रात्री

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहावीत आहे. शाळेतर्फे तिनं लघुग्रह शोधमोहिमेत भाग घेतला, महिनाभर संगणकावर आकाशाची चित्रं तपासली आणि ‘प्राथमिक शोध’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र घरी आलं. गावच्या पेपरात फोटोही छापून आला. आता तिला आयुष्यभर हेच करायचंय. तुम्ही विचारताय की लघुग्रह शोधणारी माणसं रोज नेमकं करतात काय, त्यावर पोट भरतं का, आणि त्या लघुग्रहाला लेकीचं नाव मिळेल का.

मी अ‍ॅरिझोनातल्या एका डोंगरावर नऊ वर्षं सर्वेक्षणाच्या दुर्बिणीवर निरीक्षक होते. त्याआधी आणि त्यानंतर काम स्थानमापनाचं, म्हणजे कोणीतरी पाहिलेला लघुग्रह पुन्हा गाठायचा आणि त्याची आकाशातली जागा मोजायची. सध्या पुण्यात बसून परदेशातल्या दुर्बिणी तासावर भाड्यानं घेते आणि तेच करते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी प्रमाणपत्राचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. या मोहिमांत मुलांना आकाशाच्या एकाच तुकड्याची, थोड्या थोड्या वेळानं काढलेली चार चित्रं मिळतात. बऱ्याचदा ती हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणींची असतात. चित्रं एकामागोमाग एक झरझर दाखवली की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका सरळ रेषेत सरकतो. मुलं तो टिपतात, त्याची चार स्थानं मोजतात आणि अहवाल अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातो. जगातल्या सगळ्या लघुग्रहांचा जमाखर्च तिथे ठेवला जातो. ‘प्राथमिक’ याचा अर्थ एवढाच की सरकणारा एक ठिपका दिसला आणि तो ओळखीच्या कुठल्या लघुग्रहाशी जुळला नाही. तो कॅमेऱ्यातला दोष असू शकतो. कक्षा नीट न ठरलेला एखादा जुनाच लघुग्रह असू शकतो. किंवा खरोखर नवा. (मोहिमेला नासाचा हातभार असतो, पण म्हणून ‘नासानं निवड केली’ असं होत नाही. पेपरवाल्यांना हे सांगून मी थकले.)

ठरतं दुसऱ्या रात्री. तोच ठिपका दुसऱ्या एखाद्या रात्री, अपेक्षित जागेच्या आसपास पुन्हा कोणी पाहिला तरच सहसा त्याला तात्पुरतं नामांकन मिळतं. २०१० च्या ऑक्टोबरपासून शोधाचं श्रेय कोणाला, याचा नियमही यावरच बेतलेला आहे: ज्या हंगामातलं (म्हणजे तो लघुग्रह सलग काही महिने दिसतो त्या काळातलं) दुसऱ्या रात्रीचं निरीक्षण सगळ्यात आधी कळवलं गेलं, तो हंगाम धरायचा, आणि त्या हंगामात ज्यानं सगळ्यात आधी कळवलं तो शोधक. माझ्या कामाबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन. दिसणं सोपं असतं, आता तर यंत्रंच पाहतात. हातून निसटू न देणं ही खरी मेहनत आहे.

दुसऱ्या रात्रीचं एवढं काय, असं वाटेल. घाटातून रात्री जाताना समोरच्या डोंगरावर एक दिवा सरकताना दिसतो. तो जवळून चाललेल्या मोटारसायकलचा की लांबवरच्या ट्रकचा, एका नजरेत कळत नाही. लघुग्रहाचं तसंच. तासाभराच्या चार चित्रांतून दिशा कळते आणि आकाशावरचा वेग कळतो, अंतर कळत नाही. त्या चार ठिपक्यांतून जाणाऱ्या असंख्य कक्षा काढता येतात. रात्र उलटत जाते तशी ‘तो आता कुठे असेल’ याची शक्यता पसरत जाते. आठवड्यानंतर तो जिथे असू शकतो तो आकाशाचा तुकडा इतका मोठा होतो की शोध पहिल्यापासून सुरू.

ही अडचण पहिल्या लघुग्रहापासूनची. सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत ज्युसेप्पे पियाझ्झी ताऱ्यांची सूची करत होता, लघुग्रह वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हतं. १ जानेवारी १८०१ च्या रात्री त्यानं वृषभ राशीतल्या एका मंद ताऱ्याचं स्थान मोजलं. दुसऱ्या रात्री मोजलं तर ते जुळेना. त्याला आधी वाटलं आपलंच मोजमाप चुकलं. पुढच्या रात्रींनी सांगितलं की ताराच हलतोय. तो होता सेरेस. ११ फेब्रुवारीपर्यंत पियाझ्झीनं तो पाहिला, मग आजारी पडला, आणि तोवर सेरेस सूर्याच्या बाजूला सरकून दिसेनासा झाला. म्हणजे इतिहासातला पहिला लघुग्रह सापडला आणि दीड महिन्यात हरवला. तो परत मिळाला गणितानं. २४ वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउसनं त्या मोजक्या निरीक्षणांवरून कक्षा काढली आणि वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, फॉन त्साख या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला सेरेस गाउसच्या गणिताजवळच दिसला.

आपल्याकडे हे काम पहिल्यांदा झालं मद्रासला. नॉर्मन पॉगसन हा इंग्रज १८६१ साली मद्रास वेधशाळेत रुजू झाला. ऑक्सफर्डला असताना त्याच्या नावावर तीन लघुग्रह आधीच लागलेले होते. मद्रासला आल्यावर काही आठवड्यांतच, १७ एप्रिल १८६१ ला, त्याला आणखी एक मिळाला. आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून नाव ठेवलं एशिया. त्या काळची पद्धत डोळ्यांसमोर आणा. छायाचित्रण नाही. दुर्बिणीला डोळा लावून आकाशाच्या एका तुकड्यातला प्रत्येक तारा कागदावर उतरवायचा. दुसऱ्या रात्री तोच कागद घेऊन तोच तुकडा पाहायचा. एखादा तारा कागदावर नाही पण आकाशात आहे, किंवा उलट, तर पुढे तपासायचं. मद्रासच्या दमट हवेत, घामानं ओला झालेला हात कागदाला लागू न देता. पॉगसननं तिथून पुढे सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि १८८५ साली व्हेरा असे, एशिया धरून, एकूण पाच शोधले. त्यातल्या सिल्व्हियाला दोन चंद्र आहेत हे २००५ साली जाहीर झालं. त्याला ती नुसता ठिपका दिसली होती.

पॉगसनचं आणखी एक ऋण आम्ही रोज वापरतो. ताऱ्यांच्या तेजस्वितेची प्रत ही कल्पना जुनी, पण पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभरपट, हे गणिती रूप त्यानं १८५६ साली सुचवलं. नुसत्या डोळ्यांना अंधाऱ्या गावातून साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. आमच्या दुर्बिणीत एकविसाव्या प्रतीचा लघुग्रह दिसायचा. पंधरा प्रतींचा फरक, म्हणजे शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, दहा लाखपट मंद. त्याच्याच वेधशाळेत काम करणाऱ्या चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा शोधला होता. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं.

पॉगसन १८९१ च्या जूनमध्ये मद्रासलाच वारला. त्याच वर्षी डिसेंबरात हायडेलबर्गला माक्स वोल्फनं छायाचित्राच्या काचेवर पहिला लघुग्रह पकडला, ३२३ ब्रुसिया. कागद-पेन्सिलीचं युग एका वर्षात संपलं म्हणायला हरकत नाही. काचेवर तारे ठिपके उमटतात आणि लघुग्रह छोटी रेघ. मग ते इतके सापडू लागले की तारे आणि दीर्घिकांवर काम करणाऱ्यांनी त्यांना चक्क आकाशातला उपद्रवी किडा ठरवलं. भारतातून मात्र व्हेरानंतर शंभराहून जास्त वर्षं काही नाही. १७ फेब्रुवारी १९८८ ला तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत आर. राजमोहन यांच्या ‘कल्की’ प्रकल्पात जो मिळाला, तो ४१३० रामानुजन.

तुमच्या मुलीला एका बाईची गोष्ट आवर्जून सांगा. कॅरोलिन शूमेकर. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली तेव्हा ही बाई पन्नाशीत होती. खगोलशास्त्राची पदवी नाही. नवरा जीन भूवैज्ञानिक, उल्काविवरांवर काम करणारा. ती त्याला मदत म्हणून कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ४६ सेंटिमीटरच्या श्मिट दुर्बिणीच्या फिल्म तपासायला बसली. पाऊण-एक तासाच्या अंतरानं काढलेल्या दोन फिल्म एका खास सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, एक डोळा एकीवर, दुसरा दुसरीवर. सगळे तारे एका पातळीवर दिसतात आणि सरकलेला ठिपका त्यांच्या वर तरंगल्यासारखा उचलून येतो. तासन्‌तास हेच. असं करत तिनं ३२ धूमकेतू आणि शेकडो लघुग्रह शोधले. त्यातला शूमेकर-लेव्ही ९ सगळ्यांना माहीत आहे. १९९३ च्या मार्चमधली ती रात्र ढगाळ होती आणि हाताशी होत्या त्या फिल्म चुकून उजेड लागून थोड्या खराब झालेल्या. चांगल्या फिल्म अशा रात्री कशाला वाया घालवा म्हणून त्याच वापरल्या. त्यावर कॅरोलिनला चेंगरल्यासारखा दिसणारा एक धूमकेतू सापडला. १९९४ च्या जुलैत त्याचे तुकडे ओळीनं गुरूवर आदळले. ती रात्र घरी झोपून काढली असती तर?

आता माझ्या वेळचं रोजचं आयुष्य.

सूर्य मावळायच्या तासभर आधी घुमटात. हवामान, वारा, आर्द्रता पाहायची. कॅमेरा थंड झालाय का, प्रकाशाची चाचणी चित्रं नीट आली का. मग रात्रीची यादी: आकाशाचे कुठले चौकोन, कुठल्या क्रमानं. एक चौकोन अर्ध्या मिनिटाचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. डझनभर झाले की पुन्हा पहिल्यावर. असं चार वेळा. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे प्रतियुतीजवळ, मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातला साधा लघुग्रह दिवसाला जेमतेम पाव अंश सरकतो, पूर्ण चंद्राच्या व्यासाएवढं अंतर कापायला त्याला दोन दिवस लागतात. तरी पंधरा-वीस मिनिटांत चित्रात तो दोन-चार चौकड्या (पिक्सेल) हललेला दिसतो आणि तेवढं पुरतं.

संगणक हललेलं सगळं बाजूला काढतो. त्यातलं बहुतेक कचरा असतो. तेजस्वी ताऱ्याची शेपटी, कॅमेऱ्यातली जळकी चौकडी, वैश्विक किरणाचा ओरखडा, उपग्रहाची रेघ. उपग्रहांच्या रेघा आता इतक्या वाढल्यात की काही चित्रं कॉलेजच्या वहीसारखी आखलेली दिसतात. हा कचरा माणूस पाहतो. एक एक संशयित पडद्यावर झरझर चार चित्रांत दाखवायचा आणि खरा की खोटा ते सांगायचं, प्रत्येकाला दोन-तीन सेकंद. पहिले सहा महिने मी खऱ्याला खोटं म्हणायचे आणि खोट्याला खरं. मग कधीतरी डोळा तयार होतो. गहू निवडताना खडा कसा ओळखला हे आजीला विचारलं तर तिला सांगता यायचं नाही, तसंच. खरा लघुग्रह शेजारच्या ताऱ्यांसारखाच गोल असतो, एका चालीनं चालतो, मध्येच दचकत नाही.

खऱ्यातलेही बहुतेक ओळखीचे. आज चौदा लाखांवर लघुग्रहांची नोंद आहे. राहिलेल्या नव्यांतले बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातले, त्यांची स्थानं मुकाट्यानं केंद्राकडे जातात. पण एखादा ठिपका भलत्याच वेगानं किंवा भलत्याच दिशेनं चाललेला असतो. तिथे झोप उडते. तो काही मिनिटांत कळवायचा. तो एका सार्वजनिक यादीवर चढतो आणि जगभरात जिथे रात्र आहे, आकाश मोकळं आहे, तिथले लोक आपापली दुर्बीण त्याच्याकडे वळवतात. त्यात इटलीतला निवृत्त शिक्षकही असतो आणि जपानमधला दुकानदारही. या पाठलाग करणाऱ्यांना कोणी ओळखत नाही, पण ते नसतील तर आमचे निम्मे शोध हवेत विरून जातील.

सणवाराचं गणित आमच्याकडे उलटं. चंद्र भरला की आकाश उजळतं, मंद लघुग्रह दिसत नाहीत. म्हणून आमची सुट्टी पौर्णिमेच्या आसपास. नऊ वर्षांत मला जवळजवळ प्रत्येक कोजागिरी घरी मिळाली आणि होळीही. दिवाळी एकदाही नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला, आणि अमावास्या म्हणजे आमचा ऐन हंगाम. टूसॉनमधली मराठी मंडळी फराळाला जमायची तेव्हा मी डोंगरावर चिवड्याचा डबा उघडून बसलेली. हिवाळ्यातली रात्र तेरा-तेरा तासांची. पहाटे उतरायचं, काळे पडदे लावून झोपायचं, दुपारी उठायचं. नवऱ्याशी बोलणं चिठ्ठ्यांवर. हे रोमँटिक वाटत असेल तर मुलीला एक महिनाभर रात्री नऊ ते सहा जागून दिवसा झोपायला सांगा.

पावसाळा मात्र सारखाच. अ‍ॅरिझोनातही जुलै-ऑगस्टात विजा-पावसाचा हंगाम येतो आणि तिथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. दुर्बीण बंद ठेवायची, आरशाला नवा मुलामा द्यायचा, यंत्रांची डागडुजी. शिवाय त्या दिवसांत रात्री समोर येतो धनू राशीकडचा आकाशगंगेचा दाट पट्टा. त्या ताऱ्यांच्या गर्दीत लघुग्रह शोधणं म्हणजे वारीत हरवलेलं पोर शोधणं. तेव्हा सुट्टीचं दुःख नव्हतं.

एक चूक सांगते, स्वतःची. पुण्याला परतल्यावर सुरुवातीला मी माझ्याच छोट्या दुर्बिणीनं मोजमाप करत होते. एका पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहाची स्थानं पाठवली आणि ती कक्षेशी जुळेनात. तारे तपासले, दुर्बिणीचं संरेखन तपासलं, चार रात्री गेल्या. शेवटी कळलं, लॅपटॉपचं घड्याळ अकरा सेकंद मागे होतं. पट्ट्यातल्या लघुग्रहाला अकरा सेकंदांनी काही फरक पडत नाही. पण जवळून जाणारा तेवढ्यात आकाशावर बराच सरकतो. तेव्हापासून दुर्बीण उघडायच्या आधी घड्याळ. देवाला दिवा नंतर.

आणि एक हरवलेला. अ‍ॅरिझोनातल्या चौथ्या वर्षी, नोव्हेंबरात, एक ठिपका मिळाला. वेग पट्ट्यातल्यांपेक्षा थोडा जास्त, दिशा थोडी तिरकी. ओरडावं असं काही नव्हतं, पण मला तो आवडला होता. दुसऱ्या रात्री ढग. तिसऱ्या रात्री वारा इतका की घुमट उघडायला परवानगी नाही. चौथ्या रात्री जिथे असायला हवा होता तिथे नव्हता, आजूबाजूलाही नव्हता. एकाच रात्रीचे असे तुटके धागे केंद्राकडे एका फायलीत साठवलेले असतात, लाखोंनी. आम्ही त्यांना अनाथ म्हणायचो. माझा ठिपका त्यात जाऊन पडला.

यात लाजायचं काही नाही, मोठमोठ्यांचं हरवलंय. १९३७ च्या ऑक्टोबरात कार्ल राइनमुथला हायडेलबर्गहून एक लघुग्रह दिसला, जो पृथ्वीच्या फार जवळून गेला. नाव ठेवलं हर्मिस. काही दिवस दिसला आणि गेला. नाव असलेला, पण पत्ता नसलेला लघुग्रह. तो पुन्हा सापडला २००३ साली, ६६ वर्षांनी.

हे हरवणं कुठे महत्त्वाचं ठरतं, तर पृथ्वीकडे येणाऱ्यांच्या बाबतीत. यावर बातम्या भडक येतात, म्हणून तीन खऱ्या गोष्टी सांगते. पहिली, ६ ऑक्टोबर २००८. अ‍ॅरिझोनातल्या माउंट लेमनवर रिचर्ड कोवाल्स्की यांना एक ठिपका दिसला, नेहमीसारखाच. गणित केलं तर तो वीसेक तासांत पृथ्वीवर पडणार होता. जेमतेम चार मीटरचा. तेवढ्या तासांत जगभरातून शेकडो निरीक्षणं आली आणि ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, सुदानच्या वाळवंटावर तो फुटला. नंतर खार्टूम विद्यापीठाचे विद्यार्थी रांग करून वाळवंटात चालले आणि त्यांनी अशनींचे तुकडे गोळा केले. आकाशात आधी पाहिलेला दगड नंतर हातात घेण्याची ती पहिली वेळ. दुसरी रात्र मिळालीच नाही त्याला, पण एका रात्रीत सगळ्यांनी मिळून ती भरून काढली.

दुसरी गोष्ट याच्या उलट. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा दगड फुटला, काचा फुटून दीडेक हजार लोक जखमी झाले. तो आधी कोणालाच दिसला नाही, कारण तो सूर्याच्या दिशेनं आला. दिवसा आम्ही सगळे आंधळे.

तिसरी तुम्हाला आठवत असेल. २०२४ च्या डिसेंबरात चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला ‘२०२४ वायआर४’ दिसला. (हे नाव वाचायचं कसं: वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. आय सोडून पंचवीस अक्षरांत आर सतरावा, आणि चार म्हणजे पंचवीसची चार आवर्तनं झाली. त्या पंधरवड्यातला ११७ वा.) २२ डिसेंबर २०३२ ला तो आदळण्याची शक्यता फेब्रुवारीत ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. संभाव्य पट्टा अरबी समुद्र आणि दक्षिण आशियावरून जात होता, म्हणून मुंबईचं नाव बातम्यांत आलं आणि मला तीन दिवसांत चाळीस फोन. मी सगळ्यांना तेच सांगितलं: निरीक्षणं वाढू द्या. आकडा आधी चढतो, कारण शक्यतेचा पट्टा आकसत जातो आणि पृथ्वी अजून त्यात असते. पट्टा आणखी आकसून पृथ्वी बाहेर पडली की तो धाडकन शून्याकडे येतो. तसाच आला. २००४ साली अपोफिस या लघुग्रहाच्या वेळी अगदी हेच झालं होतं, शक्यता २.७ टक्क्यांवर गेली होती. तो आदळणार नाही, पण १३ एप्रिल २०२९ ला सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, आपल्या दूरचित्रवाणी उपग्रहांपेक्षाही जवळून. तारीख वहीत लिहून ठेवा. आणि दगड आदळतो म्हणजे काय होतं ते पाहायचं असेल तर मुलीला लोणारला न्या. १.८ किलोमीटरचं ते विवर आपल्याच बेसॉल्टमध्ये, बुलढाण्यात आहे.

आता पोटाचं. स्पष्ट सांगते: निव्वळ लघुग्रह शोधण्याचा पगार मिळतो अशा नोकऱ्या जगात फार थोड्या, बहुतेक अमेरिकेत आणि अनुदानावर चालणाऱ्या. दर दोन-तीन वर्षांनी अनुदान संपतं आणि सगळे पुन्हा अर्ज लिहायला बसतात. माझी नोकरीही अशीच संपली. भारतात ‘लघुग्रह शोधक’ असं पद नाही. पण विषय आहे. भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी, ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी, पुढे ‘जेस्ट’सारख्या परीक्षेतून पुण्याची आयुका, बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, अहमदाबादची पीआरएल, नैनितालची एरीज अशा संशोधन संस्था. लडाखमध्ये हानले इथे आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या संस्थेची ‘ग्रोथ-इंडिया’ ही ७० सेंटिमीटरची दुर्बीण आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून गेलेला एक छोटा लघुग्रह पालोमारच्या चित्रांत ज्यांनी ओळखला त्यांत आयआयटी मुंबईचे दोन विद्यार्थी होते. पॉगसनला मद्रासला यावं लागलं होतं, या पोरांना पालोमारला जावंही लागलं नाही.

अजून एक गोष्ट लपवत नाही. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेनं २०२५ च्या जूनमध्ये पहिली चित्रं दाखवली तेव्हा दहाएक तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह मिळाले होते. माझ्या नऊ वर्षांची किंमत काय उरली, ते तुम्हीच ठरवा. मी त्या दिवशी जरा गप्प होते. तिथे संशयित तपासायला माणूस बसत नाही. वेगवेगळ्या रात्रींचे तुटके धागे जोडायचं काम गणितच करतं. म्हणून मुलीला दुर्बीण घेऊन देण्याआधी प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र शिकू द्या. धागे जोडायच्या पद्धती शोधणारी माणसं पुढेही लागणार आहेत, रात्रभर जागणारी कमी कमी.

नावाचं उत्तर छोटं आहे. आत्ता नाही. नामांकन, मग अनेक वर्षांची निरीक्षणं, कक्षा पक्की झाली की क्रमांक, आणि त्यानंतर शोधकाला नाव सुचवता येतं. मंजुरी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीची. सोळा अक्षरांपर्यंतचं, शक्यतो एका शब्दाचं, जाहिरात नको. राजकारणी आणि सेनानी मेल्यावर शंभर वर्षांनी. स्वतःचं नाव स्वतः ठेवायची रीत नाही. पण दुसरे ठेवतात. विश्वनाथन आनंद यांच्या नावाचा ‘विशीआनंद’ जपानमध्ये सापडलेला आहे, आणि पंडित जसराजांच्या लघुग्रहाचा क्रमांक, ३००१२८, त्यांची जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशी उलटी लिहिली की येतो. पैसे घेऊन ताऱ्याला नाव देणाऱ्या कंपन्यांच्या नादी मात्र लागू नका. ती पावती फक्त त्या कंपनीच्या कपाटात खरी असते.

माझ्या त्या अनाथ ठिपक्याचं राहिलं. सात वर्षांनी, पुण्यात, एका सकाळी पाहते तर ओळख पटली होती. दुसऱ्या एका सर्वेक्षणानं मधल्या काळात एक लघुग्रह शोधला, त्याची कक्षा मागे नेली, आणि नोव्हेंबरातल्या त्या रात्री ती बरोबर माझ्या चार ठिपक्यांतून गेली. श्रेय त्यांचं, नियमानं आणि न्यायानंही. माझी चार स्थानं त्याच्या नोंदीत सगळ्यात वरच्या ओळींवर आहेत, पुढे वेधशाळेचा तीन अक्षरी संकेत. मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, यात तुझं नाव कुठे आहे? नाहीच ते.

तुमच्या मुलीच्या अहवालातही असाच एक छोटा संकेत असेल, तिनं त्या ठिपक्याला दिलेला. तो आणि निरीक्षणाची तारीख घेऊन शिक्षकांना विचारायला सांगा की त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत तोच ठिपका कोणाला पुन्हा दिसला का. नसेल तर तिची चार स्थानं त्या फायलीत पडून आहेत, आणि ती फाईल कोणालाही उतरवून घेता येते.